तीनशे बेचाळीस

नझीरभाई चौगुले दिघ्याहून आले, दुपारी तीनला,
महापेच्या आमच्या प्रयोगशाळेत.
चपलांना मैदा.
बगलेत वर्तमानपत्रात बांधलेली पावाची लादी,
हातात पिशवी, तिच्यात दुसरी, तिच्यात तिसरी,
आणि तिसरीत पांढरी भुकटी, पावशेरभर.
मी रजिस्टर उघडायच्या आधीच म्हणाले,
"मॅडम, भाचा म्हणतो हे खत आहे.
तीस वर्षं मी लोकांना खत घातलं का?"

मी नमुना क्रमांक दिला, चिठ्ठी चिकटवली.
आम्ही उत्तर देत नाही, अहवाल देतो,
असं म्हणायची इथे पद्धत आहे.

अमोनियम फॉस्फेट.
हेच नाव गोणीवर असतं.
हेच दाराशी टांगलेल्या त्या लाल नळकांड्यात,
आग लागली तर फवारायला.
एका चाळीत एकाच नावाचे तिघे असले
की पोस्टमन विचारतो ना, कितव्या खोलीतला?
तसंच.
खोली ठरते ती शिसं किती, आर्सेनिक किती,
फ्लोराइड किती, यावर.

मग मी त्यांचा पाव जाळला,
साडेपाचशे अंशांवर, पांढरी राख होईपर्यंत.
(हे त्यांना सांगितलं नाही.)
राख आम्लात विरघळवली, मॉलिब्डेट घातलं
आणि थांबले.
एकोणीस वर्षं बघतेय, तरी दर वेळी वाटतं
आज नाही चढायचा रंग.
चढतो.
शेवटच्या पाण्यात नीळ टाकावी तसा हळूहळू,
जितकं फॉस्फेट तितका निळा.

गुरुवारी ते आले.
म्हटलं, खत नाही. खाण्याच्या दर्जाचं आहे, चोख.
हे यीस्टचं जेवण, नझीरभाई.
नुसत्या साखरेवर कोण किती दिवस राबेल?
त्यालाही कालवण लागतं.
पाकिटावर याचा नंबर असतो, तीनशे बेचाळीस.
दिवसाला, वजनाच्या दर किलोमागे,
सगळ्या अन्नातलं मिळून सत्तर मिलिग्रॅम फॉस्फरस
चालतो म्हणतात जाणते.
काही जाणते चाळीसच म्हणतात.
तुमचा पाव दोघांच्याही खूप खाली.

"म्हणजे खाऊ शकतात."
"खाऊ शकतात."
"सगळे?"

मी अहवालावर शिक्का मारत होते.

"शमीम, आमची घरवाली. वाशीला जाते,
मंगळवार, शुक्रवार. चार-चार तास यंत्राला लावतात.
पहिली लादी तीच चाखते, पहिल्यापासून.
मीठ बघायला."

त्यासाठी अहवालात रकाना नाही.
मर्यादा ज्याच्या मापाने बेतली
तो माणूस धडधाकट, साठ किलोचा,
त्याची दोन्ही मूत्रपिंडं रोज वेळेवर कामावर हजर.
शमीमबाईंना तो कधी भेटलेला नाही.

शिक्का बाजूला ठेवून मी पद्धत मोडली, बोलले:
हा कागद वाशीच्या डॉक्टरांना दाखवा.
डाळीतलं फॉस्फेट अर्धंमुर्धं अंगी लागतं,
भुकटीतलं जवळजवळ सगळं.
तुमच्यामाझ्यासाठी ते काहीच नाही.
त्यांच्यासाठी दूध, डाळ, थंड पेयं, पाव,
सगळंच मोजायचं, चिमटी चिमटी.

त्यांनी अहवालाची घडी घातली,
मग आणखी एक, मग आणखी एक,
पानाच्या विड्याएवढी होईपर्यंत.
"तिच्यापुरतं पीठ वेगळं लावीन. बिनभुकटीचं, आदल्या रात्री.
सकाळपर्यंत फुगेल नाहीतर बसकं राहील.
तिलाही जरा बसकाच आवडतो."

पैसे मोजून दिले, सुट्ट्यासकट.
दारात थबकले.
"ह्याच्यात खरंच तेच?"
"तेच."
"आणि आग विझते?"
"विझते."
लाल नळकांड्यावर त्यांनी तळवा टेकवला,
भट्टी किती तापलीय बघावी तसा,
आणि जिना उतरून गेले.
नळकांड्यावर पाच बोटं उमटली होती, मैद्याची.
शिपायाला म्हटलं, राहू दे आज.